गावाला कळवले आहे

वरवट बकाल
१४ जानेवारी २०२५

समता,

जय भीम. घरचे कसे आहेत, थंडी किती आहे, हे या वेळी लिहीत नाही.

तुझ्या संस्थेचं पत्र काल भेटलं. "रक्त व लघवीच्या नमुन्यांची दुसरी फेरी मार्च महिन्यात घ्यावयाची असून आशा सेविका म्हणून आपण गावकऱ्यांची पूर्वतयारी करावी." खाली सही तुझी, प्रकल्प व्यवस्थापक. पत्र वाचून मी तुले चारदा फोन केला. चारही वेळा तू म्हणाली, ताई, मीटिंगमध्ये आहे, लावते. म्हणून आता कागदावर लिहून राह्यली, अन् रजिस्टर पोस्टानं. कागदाले मीटिंग नसते.

पहिल्या फेरीचे रिपोर्ट कुठं आहेत?

मागच्या फेब्रुवारीत तुमची गाडी आली. पुण्याचे चार जण अन् नॉर्वेच्या त्या इंगेर बाई. समाजमंदिरात उभं राहून तूच सांगितलं, की सरकारच्या अनुदानाचा प्रकल्प आहे, परदेशचं विद्यापीठ सोबत आहे, आपल्या खाऱ्या पाण्याच्या खारपाण पट्ट्यात माणसाच्या किडन्या काऊन खराब होऊन राह्यल्या ते शोधून काढू. किसन मास्तरची पोरगी बोलते म्हणून गाव ऐकत होतं. दारोदार मी फिरली. दोनशे बारा लोकांनी रक्त दिलं. ज्या बायकांले सही येत नाही त्याईचा अंगठा मी माझ्या हातानं धरून टेकवला. त्या कागदावर मराठीत लिहिलं होतं, अन् ते मराठी तुझं होतं: "आपला तपासणी अहवाल आपणास तीन महिन्यांच्या आत देण्यात येईल." अकरा महिने झाले.

गोकुळ तुले माहीत आहे. मोटारी वायंडिंग करणारा, अख्ख्या गावाच्या बोअरच्या मोटारी त्याच्याच हातच्या. त्या दिवशी सगळ्यात आधी त्यानंच बाही वर केली होती. "या बे, काही नाही होत, मुंगी चावल्यासारखं लागते," असं म्हणून त्यानंच बाकीचे पोट्टे ओढून आणले. आठ दिवसांपासून त्याचे पाय सुजले, जेवण पोटात ठरत नाही. मी त्याले ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टरनं इचारलं, आधी कधी रक्त तपासलं होतं का? तर काजल, त्याची बायको, माझ्याकडं पाहून म्हणते, "हाव, ताईनं घेतलं होतं ना मागच्या वर्षी. काही निघालं नाही त्यात."

समजलं का तुले? रिपोर्ट आला नाही म्हणजे काही निघालं नाही, असं गावानं धरलं.

त्याचा नंबर ११७ आहे. माझ्या वहीत लिहिलेला आहे. त्याच्या रक्तात काय निघालं होतं ते मले उलट टपाली पाहिजे.

सुवर्णा

०

पुणे
२२ जानेवारी २०२५

प्रिय सुवर्णाताई,

सस्नेह जय भीम.

तुझा राग समजू शकते. परत फोन न केल्याबद्दल खरंच माफ कर. सध्या दुसऱ्या वर्षाच्या अनुदानाचा प्रस्ताव दिल्लीला जायचा आहे, आणि ऑफिसात श्वास घ्यायला वेळ नाही.

रिपोर्टचं थोडं समजून घे. हा दोन देशांचा संयुक्त प्रकल्प आहे. तपासणी नॉर्वेच्या प्रयोगशाळेत झाली. जे निष्कर्ष निघाले त्यावर दोन्ही संस्थांचा हक्क आहे, आणि शोधनिबंध छापून येईपर्यंत एकेका माणसाचा आकडा बाहेर देता येत नाही, असं करारात आहे. शिवाय नमुन्यांवर नावं नसतात, फक्त नंबर असतात. नावं तुझ्या वहीत आहेत. माझ्यासाठी ११७ हा फक्त एक नंबर आहे ताई, तो कोण हे मला तुझ्या पत्रातूनच कळलं. हे निर्णय वरचे लोक घेतात. मी फाइली हलवणारी बाई आहे.

गोकुळला अकोल्याला मोठ्या दवाखान्यात लगेच ने. उशीर करू नका.

आणि एक विनंती. दुसरी फेरी झाली नाही तर पुढचा हप्ता अडकेल आणि प्रकल्पच बंद पडेल. मग रिपोर्टही नाहीत आणि काहीच नाही. लोकांची समजूत घालायला तुझ्याशिवाय माझं कोण आहे तिथे?

बाबांकडे अधूनमधून जात जा. मीठ कमी आणि पाणी दवाखान्याने सांगितलंय तेवढंच, हे पथ्य ते पाळतात का बघ. मला फोनवर सगळं "हो हो" म्हणतात.

तुझी,
समता

०

वरवट बकाल
३ फेब्रुवारी २०२५

समता,

गोकुळ अकोल्यात आहे. हप्त्यातून दोनदा डायलिसिस. किडनी किती काम करते ते सांगणारा तो आकडा, क्रिएटिनीन, चांगल्या माणसाचा एकच्या आसपास असतो म्हणते. त्याचा अकरा निघाला. डॉक्टर काजलवर ओरडला, "इतके दिवस झोपले होते का? हे काही आजचं नाही, वर्ष-दोन वर्षांपासून चाललेलं आहे. आधी आले असते तर थांबवता आलं असतं." त्याची कंबर दुखे म्हणून तो मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून खात होता, रोज दोन, कधी तीन. डॉक्टर म्हणे, राहिलेली किडनी त्या गोळ्यांनी खाल्ली. कोणी एकानं "तुझी किडनी कमजोर आहे" इतकं सांगितलं असतं तर त्यानं गोळी हातात धरली नसती.

मी तुझ्या पत्रावर इश्वास ठेवला. आठ दिवस त्या गोऱ्या बाईले शिव्या देत होती. आमच्याकडची ज्वारीची भाकर खाऊन गेली, पोराईसोबत फोटो काढले, अन् आमचं रक्त नेऊन कपाटात ठेवलं, असं मी चार बायकांसमोर बोलली.

मंग तुझ्या पत्रातली शेवटची ओळ परत वाचली. मामाले, तुझ्या बापाले, पथ्य? कायचं पथ्य?

परवा संध्याकाळी मी मामाकडं गेली. साध्या मनानं इचारलं. मामांनी पेटीतून पुण्याच्या दवाखान्याची फाइल काढून दाखवली. भाबडं माणूस. "समता म्हणाली, दिवाळीले आले आहात तर सगळ्या तपासण्या करून घेऊ. बरं झालं बाई, किडनी अर्धी कमजोर निघाली. वेळेवर सापडलं म्हणे डॉक्टर. आता गोळ्या चालू आहेत, पथ्य आहे, बरा आहे मी." पोरीचं कौतुक करताना त्याईचे डोळे भरून आले होते. फाइलीवर तारीख आहे, सहा नोव्हेंबर.

मी घरी येऊन वही उघडली. किसनराव, नंबर ४२. हा नंबर त्याईनं तुले सांगितला असन, नाहीतर तू इचारला असन.

तुझ्या हाती यादी होती समता. तू त्यातला बापाचा नंबर पाहिला अन् बापाले उचलून पुण्याले नेलं. बाकीच्या दोनशे अकरा लोकांचं तुले काहीच वाटलं नाही? नंबर तुझ्याकडं अन् नावं माझ्याकडं, इतकंच तर होतं. एक फोन केला असता तर मी एका मिनिटात सांगितलं असतं, ११७ म्हणजे गोकुळ.

काऊन नाही केला?

सुवर्णा

०

पुणे
१२ फेब्रुवारी २०२५

ताई,

हो. पाहिला.

जुलैत यादी आली तेव्हा मी फक्त एक नंबर शोधला. शेजारचा आकडा खराब होता. त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत मी नीट झोपले नाही. आई गेल्यापासून मला एवढा एकच माणूस आहे. तुझा बाप असता तर तू काय केलं असतंस? नियम वाचत बसली असतीस?

तू मला असं लिहितेस जसं मी गोकुळला विष दिलं. तुला वाटतं मी इथे खुर्चीत बसून मजा करते? या ऑफिसात मला अजूनही "ते बुलढाण्याकडचं मराठी" म्हणून हसतात. अकरा वर्षं मान खाली घालून काम केलं तेव्हा ही जागा मिळाली. परदेशी विद्यापीठाने जो करार केला तो मोडून यादी गावात वाटली असती तर दुसऱ्या दिवशी मी रस्त्यावर आले असते, आणि बाबांचं औषधपाणी कोणी केलं असतं?

इंगेर आणि तिचे लोक परवानगी देत नाहीत तोवर माझ्या हातात काही नाही. त्यांच्यावर रागव. माझ्यावर रागावणं सोपं आहे म्हणून रागावू नकोस.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. एवढं तरी कर.

समता

०

वरवट बकाल
२७ फेब्रुवारी २०२५

समता,

परवा, पंचवीस तारखेले, गोकुळ गेला. डायलिसिस चालू असतानाच. छत्तीस वर्षांचा होता. दोन पोरी आहेत, मोठी सहा वर्षांची.

मयतीच्या दिवशी काजल रडली नाही. मले दारात पाहून एवढंच म्हणाली, "ताई, तुमच्या सुईनं काय सांगतलं होतं, ते तुमाले माहीत होतं का?" मी नाही म्हणाली. ती म्हणाली, "मंग कोनाले माहीत होतं?"

मी तुझं नाव घेतलं नाही. काऊन घेतलं नाही ते मलेच समजत नाही.

सुवर्णा

०

वरवट बकाल
१५ मार्च २०२५

समता,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

आता मी काय केलं ते ऐक. जाताना इंगेर बाईनं मले तिचं कार्ड दिलं होतं. माझी प्रतीक्षा बीएस्सीले आहे, तिच्याकडून इंग्रजीत ईमेल लिहून घेतला. बाईले तोंडात येईल ते लिहिलं. आमचं रक्त नेलं, आमचा माणूस मेला, तुमचा निबंध छापून झाला का, असं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. प्रतीक्षानं वाचून दाखवलं. बाई लिहिते की रिपोर्ट देऊ नका असं आमच्या करारात कुठंच नाही. उलट ज्याईचे आकडे खराब आहेत त्याईले ताबडतोब सांगा, असं तिनं यादीसोबतच जुलैत लिहिलं होतं. ऑक्टोबरात परत इचारलं. तवा तिले पुण्याहून उत्तर आलं, "गावाला कळवले आहे. ज्यांना उपचारांची गरज आहे ते उपचार घेत आहेत." तो ईमेल तिनं जसाच्या तसा पाठवला.

तारीख चार नोव्हेंबर. सही तुझी.

चार तारखेले तू लिहिलं, गावाले कळवलं. सहा तारखेले मामाले दवाखान्यात नेलं. "उपचार घेत आहेत" म्हणजे कोण घेत होतं ग? एकटा तुझा बाप!

मी एका परक्या बाईले नाही नाही ते बोलली. तिनं मले दोन पानं भरून माफी मागितली, जिची काही चूक नव्हती तिनं. अन् तू, जिच्यासोबत मी एका ताटात जेवली, तू मले तिच्यावर रागव म्हणून लिहिलं.

गावात काय होऊन राह्यलं ते ऐक. छकुलीची आई बाळाले लस द्याले आणत नाही. गरोदर बाया मले बोट टोचू देत नाहीत. बेबीताई तोंडावर म्हणाली, "तुह्या पिशवीत काय हाये ते आमाले माहीत हाये." सोळा वर्षं मी या गावात पायपीट केली, बाळंतपणं केली, कोरोनात मेलेल्याईचे कपडे जाळले. ते सगळं तुझ्या एका सहीनं गेलं.

काऊन केलं? या वेळी खरं लिहिजो. खोटं लिहायचं असन तर कागद वाया घालू नको.

सुवर्णा

०

पुणे
२४ मार्च २०२५

सुवर्णाताई,

मागच्या दोन्ही पत्रांत मी खोटं लिहिलं. आता खरं लिहिते. वाचून झाल्यावर हे पत्र कोणाला दाखवायचं ते तू ठरव.

परदेशी भागीदार असला की माणसांचं रक्त देशाबाहेर पाठवायला दिल्लीच्या एका समितीची परवानगी लागते. आम्ही अर्ज केला होता, परवानगी आली नव्हती. इकडे मार्च संपत आला होता. पहिल्या वर्षाचं अनुदान एकतीस मार्चच्या आत वापरलं नाही तर ते परत जातं आणि पुढच्या वर्षी "तुम्हाला काम जमत नाही" असा शेरा बसतो. डायरेक्टर सर म्हणाले, परवानगी तर येणारच आहे, पाठवून द्या. सत्तावीस मार्चला डबे नॉर्वेला गेले. इंगेरला आम्ही सांगितलं की परवानगी आली आहे. तिने विश्वास ठेवला.

परवानगी ऑगस्टमध्ये आली. तोवर तपासणी होऊन गेली होती. सरकारला पाठवलेल्या अहवालात आम्ही लिहिलं, नमुने सप्टेंबरात पाठवले. तो अहवाल मी तयार केला. सही डायरेक्टर सरांची, पण तारीख मी टाकली.

आता प्रत्येक रिपोर्टच्या कोपऱ्यात नॉर्वेच्या प्रयोगशाळेची तारीख छापलेली आहे, बावीस एप्रिल. एक जरी कागद गावात गेला असता तरी कोणीतरी विचारलं असतं, ऑगस्टच्या परवानगीआधी एप्रिलमध्ये तपासणी कशी झाली? सर म्हणाले, दुसऱ्या वर्षाची मंजुरी येऊ दे, मग नवीन तारखेने छापून सगळ्यांना देऊ, तीन-चार महिन्यांनी काय फरक पडतो. मी म्हटलं नाही, की फरक पडतो. मला माहीत होतं. बाबांसाठी मी तीन-चार महिने थांबले असते का?

थांबले तर होतेच, जुलै ते नोव्हेंबर. आधी नेलं तर कोणाला संशय येईल म्हणून दिवाळीची वाट पाहिली. स्वतःच्या बापालाही मी सुट्टी बघून वाचवलं.

सोबत यादी आहे. सगळे दोनशे बारा नंबर. एक्केचाळीस नंबरांवर मी लाल खूण केली आहे, त्यांना ताबडतोब डॉक्टरकडे न्यायला हवं. ११७ च्या पुढे ३.८ आहे. तेव्हा ३.८ होता ताई.

काल मी अनुदान देणाऱ्या खात्याला, संस्थेच्या नैतिकता समितीला आणि इंगेरला सगळं लेखी कळवलं. तारखांसकट, माझ्या नावासकट. आज सकाळी माझं कार्ड दारावरच्या मशीनवर चाललं नाही. वॉचमनने माझी पिशवी बाहेर आणून दिली.

माफी मागत नाही. तू म्हणशील आता पत्रं लिहून काय उपयोग, आणि ते बरोबर आहे. पण यादी घेऊन लगेच नीघ. बाबांना तूच सांग. मला तोंड नाही.

समता

०

वरवट बकाल
११ एप्रिल २०२५

समता,

यादी भेटली त्या दिवशी मी अन् प्रतीक्षा वही घेऊन बसलो. ती नंबर वाचे, मी नाव सांगे. लाल खुणेचं नाव आलं की ती थांबे. एक्केचाळीस वेळा थांबली. त्यातले दोघं आता नाहीत, गोकुळ अन् अन्नपूर्णाबाई. अन्नपूर्णाबाई म्हातारपणानं गेली असं आपण समजत होतो.

आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमले मी हात जोडून गावात आणलं. घराघरात जाऊन कागद दिले. वाटलं होतं लोक रडतील. कोणी रडलं नाही. बेबीताईनं कागद चुरगळून माझ्या अंगावर फेकला अन् मंग दहा मिनिटांनी मागून पळत आली, "ताई, याच्यात काय लिवलं ते तरी सांग." तिचा २.१ आहे. परवा ती मॅडमसमोर बाही वर करून बसली, पण माझ्याशी अजून बोलत नाही.

मामाले मी सगळं सांगितलं. तुझं पत्रच वाचून दाखवलं. त्याईनं ते शेवटपर्यंत ऐकलं. मंग टोपी घातली अन् सरळ गोकुळच्या घरी गेले. मी मागं गेली. ओट्यावर काजल होती, गोकुळची माय कौशल्याबाई होती, शेजारच्या बाया होत्या. मामा उभेच राहिले.

"काजल, माझा नंबर बेचाळीस. तुह्या माणसाचा एकशे सतरा. दोघाईचे आकडे एकाच यादीत होते. माह्या पोरीनं माझा वाचला अन् मले पुण्याले नेलं. तुह्या माणसाचा वाचला नाही. मी जिता हाव तो याच्यानं."

कौशल्याबाई उठली अन् म्हणाली, "निंगा माह्या दारातून." तिनं पायातली चप्पल काढली होती. मामा हलले नाहीत. मारू द्या म्हणाले. काजलनं सासूचा हात धरला. मामाले इचारलं, "हे पंचायतीत साऱ्याईपुढं सांगसान का?"

"सांगीन."

"साहेब लोक आले तरी?"

"तरी."

त्या दिवसापासून मामांनी गोळ्या बंद केल्या. जेवणही अर्धवट. मले सांगितलं नाही, मी पेटीतलं पाकीट पाहिलं तवा समजलं. माझ्या समजावण्यानं ऐकत नव्हते. ही गोष्ट काजलच्या कानावर गेली. ती पोरीले कडेवर घेऊन तणतण करत आली. "मास्तर, तुमी सबूत हा. मेलेला माणूस साक्ष देते का? गोळी घ्या माझ्यासमोर." पाण्याचा गिलास तिनंच भरून दिला. मामांनी गोळी गिळली तशी निघून गेली. आता रोज सकाळी येते, गोळी घेतली का पाहते, जाते. बसत नाही.

खात्याची अन् नैतिकता समितीची माणसं पाच जूनले ग्रामपंचायतीच्या सभागृहात येणार आहेत. इंगेर बाईही येणार. तू येजो. पुण्याहून कागद पाठवून चालणार नाही. जे मले लिहिलं ते काजलच्या तोंडाकडं पाहून बोल.

माझ्या घरी उतरू नको. मामाकडं उतर, नाहीतर शेगावले लॉजवर.

सुवर्णा

०

वरवट बकाल
१९ जून २०२५

समता,

खात्याचं पत्र आलं, तुलेही आलं असन. प्रकल्प थांबवला. तुझ्या डायरेक्टरले कामावरून बाजूले केलं अन् दिल्लीत चौकशी बसवली. संस्थेले पाच वर्षं परदेशी भागीदार घेऊन अनुदान मागता येणार नाही. आपल्या गावात तालुक्याचा डॉक्टर महिन्यातून दोनदा येते अन् उरलेल्या एकोणचाळीस लोकांचं रक्त पाहते. चौघांची औषधं वाढवली. डायलिसिसवर अजून कोणी गेलं नाही. हे तुले कळावं म्हणून लिहिलं, तुझ्या समाधानासाठी नाही.

पाच तारखेले तू बोलली. सगळं बोलली, ते मी पाहिलं. पण माझा राग गेलेला नाही अन् जाईल असं मले वाटत नाही.

एकच इचारायचं आहे. सभा झाल्यावर तू एसटी स्टँडवर गेली, अन् काजल तुझ्या मागं गेली. कौशल्याबाई घाबरून मले बोलवाले आली होती, की ही पोरगी काही करून बसन. मी पोचली तवर एसटी निघाली होती अन् काजल एकटी बाकड्यावर बसली होती. ती काही सांगत नाही. ती तुले काय म्हणाली?

सुवर्णा

०

पुणे
२८ जून २०२५

ताई,

ती आली तेव्हा मला वाटलं, मारणार. मी पिशवी खाली ठेवली. मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "माफी नोका मागू. ते देली का मंग माझ्याजवळ काय राह्यते?"

मग ती माझ्या शेजारी बसली. एसटीला वेळ होता. तिने विचारलं, "जुलैपासून कागद तुमच्याजवळ होता. तवापासून गावात किती खेपा आल्या तुमी?"

मी म्हटलं, दोन.

"पोळ्याच्या टायमाले आल्या होत्या. मास्तरच्या बोअरची मोटार जळाली होती. गोकुळ बसवाले आला होता."

मला आठवलं. दुपारभर तो मोटारीशी झटत होता. काम झाल्यावर मी त्याला चहा दिला. कंबर धरून तो ओट्यावर बसला आणि हसत म्हणाला, "समताबाई, आता म्हातारा झालो, कंबर उभी होऊ देत नाही."

काजल माझ्याकडे न बघता बोलत होती. "घरी आला तं लय खूश होता. म्हणे, समताबाईनं मले तिच्या पर्समधली गोळी देली. पुण्याची हाये, पावरफुल हाये, लगेच आराम पडला. त्याच गोळीचं नाव कागदावर लिहून आणलं त्यानं. मंग तेच गोळी घेत राह्यला, मरेपर्यंत."

ताई, मी दिली होती. दुखण्याची गोळी. मी स्वतः घेते ती. नाव मीच चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. तो ११७ आहे हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायला मला फक्त तुला फोन करायचा होता.

एसटी आली. ती उठली आणि म्हणाली, "हे तुमी आत साहेबाईले सांगतलं नाही." मी म्हटलं, मला आठवलंच नव्हतं. ती म्हणाली, "मले रोज आठवते." आणि मला चढायला वाट करून दिली.

आज मी चौकशी समितीला आणखी एक पत्र पाठवलं. गोळीचं नाव, पोळ्याची तारीख, माझी चिठ्ठी, सगळं लिहिलं आहे. प्रत सोबत आहे. काजलला नेऊन दे, आणि पूर्ण वाचून दाखव.

समता